पानांचा हंगाम मार्चमध्ये

पान पडल्याचा आवाज ऐकायचा असेल तर जानेवारीत देशी बदामाच्या झाडाखाली उभं राहावं. चिंचेची पानं गळतात तेव्हा कळतसुद्धा नाही, पिंपळाचं पान गिरक्या घेत सावकाश उतरतं. बदामाचं पान मात्र वीतभर लांब आणि चामड्यासारखं जाड. ते फरशीवर टप्पकन आदळतं. पुण्याजवळच्या खडकीत हे झाड शाळेच्या आवारात, सरकारी क्वार्टर्सच्या मागे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कुठेही भेटतं. डिसेंबरच्या मध्यापासून त्याची पानं रंग बदलू लागतात. आधी पिवळट डाग, मग नारिंगी, शेवटी डाळिंबाच्या सालीसारखा गडद लाल. बहुतेकांना हा लाल रंग पहिल्यांदा दिसतो तो गाडीच्या काचेवर चिकटलेला, आणि त्याचं स्वागत कपाळावरच्या आठीने होतं.

आठी घालणाऱ्या याच लोकांच्या मोबाइलवर ऑक्टोबरात न्यू जर्सीच्या भाच्याने पाठवलेले फोटो येऊन गेलेले असतात. डोंगरच्या डोंगर लाल-केशरी, मधून जाणारा काळा रस्ता, आणि पुढे स्वेटर घातलेलं कुटुंब. 'अगं बाई, काय सुंदर!' असं तेव्हा सगळ्यांनी म्हटलेलं असतं.

अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये ही पानांची सहल आता दसरा-दिवाळीइतकीच ठरलेली आहे. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार सुट्टीचा असतो, त्याला जोडून शनिवार-रविवार धरायचा आणि व्हर्मांट नाहीतर न्यू हॅम्पशायर गाठायचं. न्यू हॅम्पशायरमधला कँकामॅगस हा सुमारे ५५ किलोमीटरचा घाटरस्ता त्यासाठी प्रसिद्ध. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरमाथ्यावरून दरीकडे सरकत येतो, म्हणून कुठल्या आठवड्यात कुठे जायचं याचे नकाशे निघतात, आणि तरीही एखादा वादळी पाऊस एका रात्रीत सगळा खेळ आटोपतो. ज्यांना इतकं लांब जायचं नाही त्यांच्यासाठी काश्मीर आहे. तिथे पानगळीच्या ऋतूला 'हरुद' म्हणतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत श्रीनगरच्या नसीम बागेतले चिनार पेटल्यासारखे दिसतात. पुण्यातल्या सहल कंपन्यांच्या जाहिरातींतही हा चिनार अलीकडे दिसू लागला आहे.

या सगळ्यामुळे एक समज मात्र पक्का झाला आहे, की रंगीत पानं ऑक्टोबरात बघायची असतात आणि ती आपल्याकडे नसतात. यातला पहिला भाग महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे. दुसरा तर साफच.

पुण्याहून निघून सह्याद्रीत रंगीत पानं बघायची असतील तर ऑक्टोबर हा सर्वांत वाईट महिना. पाऊस नुकताच संपलेला असतो, झाडं पोटभर पाणी प्यायलेली असतात, आणि पिवळं दिसतं ते फक्त डोंगरावरचं गवत. आपला हंगाम सुरू होतो तो बदामाच्या त्या टप्पकन पडणाऱ्या पानापासून. तो भरात येतो मार्चमध्ये. आणि गंमत अशी, की भर मार्चातला सर्वांत देखणा लाल रंग मरणाऱ्या पानांचा नसतो. तो नुकत्याच जन्मलेल्या पानांचा असतो.

हे असं का, ते समजलं की सहल आखणं सोपं जातं. पानाचा हिरवेपणा हरितद्रव्याचा. थंड मुलखात दिवस लहान होऊ लागले की झाड दुकान आवरायला घेतं. पानातला नायट्रोजन आणि इतर ऐवज फांद्यांत परत ओढतं, हरितद्रव्य मोडीत काढतं, आणि मग इतके दिवस त्याच्यामागे झाकलेली पिवळी-नारिंगी द्रव्यं, म्हणजे कॅरोटिनॉइड्स, उघडी पडतात. लाल रंगाची गोष्ट वेगळी. तो आधीपासून दडलेला नसतो. अँथोसायनिन नावाचं द्रव्य पान शेवटच्या दिवसांत नव्याने तयार करतं. लख्ख उन्हाचे दिवस आणि थंड, पण न गोठवणाऱ्या रात्री मिळाल्या तर ते भरपूर बनतं. जांभळाचा जांभळा आणि कोकमाचा लालभडक रंगही याच कुळातला.

सह्याद्रीत झाडाला पानं टाकायला लावते ती तहान. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस परततो, त्यानंतर जूनपर्यंत सात-आठ महिने जवळपास कोरडे. पान म्हणजे सतत पाणी उडवणारं यंत्र, आणि जमिनीतला साठा आटू लागला की ते परवडेनासं होतं. सागासारखी झाडं मग फारसं सौंदर्य न दाखवता तपकिरी होऊन पानं गाळतात. जानेवारी-फेब्रुवारीतलं सागाचं रान बघायला कुणी मुद्दाम गाडी काढून जाऊ नये. तामण मात्र वेगळा. आपल्या राज्यफुलाचं हे झाड एप्रिल-मेमध्ये फुलतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याआधी हिवाळ्यात त्याची पानं तांब्यासारखी लालसर होऊन झडतात, तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. देशी बदाम तर मुळात समुद्रकाठचा पाहुणा, आणि म्हातारी पानं इतकी लाल करणारं झाड उष्ण प्रदेशात विरळाच. कधीकधी तो वर्षातून दोनदाही पानं बदलतो.

खरं कोडं पुढे आहे. पाणी नाही म्हणून पानं टाकली, हे ठीक. मग पाऊस यायला अजून तीन महिने असताना, ऊन भाजायला लागलेलं असताना, मार्चमध्येच झाडं नवी पालवी का फोडतात? दक्षिणेतल्या मुदुमलाईच्या पानझडी जंगलात के. एस. मुरली आणि रमण सुकुमार यांनी याचा पाठपुरावा केला आणि १९९३मध्ये निष्कर्ष मांडले. पावसाच्या आधी आलेल्या पालवीला किडे कमी खातात. पाऊस सुरू होऊन अळ्यांची फौज उतरेपर्यंत ती पानं जून, राठ झालेली असतात. उशिरा पालवणारी झाडं जास्त कुरतडली जातात. उन्हाळ्यातली पालवी झाडाला महाग पडते, पण मुलांना शाळा सुरू व्हायच्या आत मोठं करून ठेवण्यासारखा तो हिशेब आहे.

आणि झाडाला वेळ कळते कशी? कोस्टा रिका, थायलंड, जावा अशा ठिकाणच्या कोरड्या जंगलांवरच्या नोंदी एकत्र करून २००२ साली रिव्हेरा, बोर्शर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की बरीच झाडं पावसाचा टिपूसही नसताना, वाढत्या दिवसाच्या इशाऱ्यावर पालवतात, आणि तीही वसंतसंपाताच्या आगेमागे. पुण्यात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. व्हर्मांटमध्ये तो साडेसहा तासांच्या घरात जातो. आपल्याला तो सव्वादोन तासांचा फरक जाणवतसुद्धा नाही. झाडाला मात्र त्यातली काही मिनिटंही पुरतात.

इथे चैत्रपालवी या शब्दावर विसंबणाऱ्याची थोडी फसगत होते. शब्द सुंदर आहे, पण आपला चैत्र चंद्राच्या तालावर चालतो आणि अधिक महिन्यामुळे मागेपुढे उड्या मारतो. गुढीपाडवा २०२४मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५मध्ये ३० मार्चला, २०२६मध्ये १९ मार्चला, आणि २०२७मध्ये पुन्हा ७ एप्रिलला. तीन आठवड्यांचा झोका! तेवढ्या वेळात लाल पालवीचं झाड हिरवंगार होऊन जातं. 'पाडव्याच्या सुट्टीत जाऊ' असं ठरवणाऱ्याला एका वर्षी सोहळा दिसेल, पुढच्या वर्षी नुसती सावली. झाडांचं पंचांग सूर्याचं आहे. त्याच्याशी जुळणारा चैत्र सरकारी कॅलेंडरात सापडतो: १९५७पासून लागू असलेल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेत चैत्राची पहिली तारीख २२ मार्चला येते, लीप वर्षी २१ला. त्या दिनदर्शिकेकडे कुणी ढुंकून पाहत नाही, आकाशवाणीच्या बातम्यांआधी ती तेवढी कानावर पडते. पालवी बघणाऱ्याने मात्र ती भिंतीवर लावायला हरकत नाही. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६मध्ये आलं ते मराठी महिन्यांच्या नावांनी. वाचायला ते केव्हाही घ्यावं, पण गाडी ठरवताना इंग्रजी तारीखच पाहावी.

तर खडकीत राहणाऱ्या, किंवा खडकीला लोकलने उतरणाऱ्या माणसाने हा हंगाम कसा आखावा?

एक मोठी सहल आखूच नये, हे पहिलं. थंड मुलखात अख्खा डोंगर एका आठवड्यात रंगतो, म्हणून तिथे 'तो' शनिवार-रविवार पकडायची धडपड असते. आपल्याकडे रंग जातीजातीने आणि झाडाझाडाने येतो. एकाच रस्त्यावरच्या दोन पिंपळांपैकी एक फेब्रुवारीच्या अखेरीस तांबूस पालवीने झळकत असतो आणि दुसरा जुनी धुळकट पानं सांभाळून बसलेला असतो. त्याची पाळी तीन आठवड्यांनी येते. मुळाशी पाणी किती, खाली माती किती आणि खडक किती, बुंध्याभोवती सिमेंट कुठपर्यंत आलंय, यावर बरंच ठरतं. नदीकाठचं झाड उशिरापर्यंत हिरवं राहतं, मुरमाड चढावरचं लवकर उघडं पडतं. त्यामुळे दहा तासांची एक सहल करण्यापेक्षा अर्ध्या तासाच्या दहा फेऱ्या केलेल्या बऱ्या.

खडकी त्यासाठी सोयीची आहे. इथे ५ नोव्हेंबर १८१७ला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, पुढे छावणी वसली, १८६९मध्ये दारूगोळा कारखाना आला. लष्कराच्या ताब्यात राहिलेल्या जमिनीचा एक अनपेक्षित फायदा म्हणजे जुनी झाडं. वड, पिंपळ, चिंच, शिरीष, आणि छत्रीसारखे पसरलेले वर्षावृक्ष, ज्यांना लोक रेन ट्रीच म्हणतात. शिरिषाचं सौंदर्य हिवाळ्यात कानांनी घ्यायचं. पानं गेलेली असतात आणि वाळक्या, पिवळट शेंगा वाऱ्यावर खुळखुळत असतात. स्टेशनकडून होळकर पुलाकडे पायी गेलं की मुळेच्या काठची झाडं दिसतात, जवळच राष्ट्रकुल युद्धस्मशानभूमी आहे. तिथली शांतता सकाळी अनुभवण्यासारखी, पण ती सहलीची बाग नव्हे, हे भान ठेवूनच. कारखाना आणि लष्करी आवारांच्या परिसरात कॅमेरा पिशवीत ठेवावा. पिंपळाच्या पालवीचा फोटो काढत होतो, हे पहारेकऱ्याला पटवणं वाटतं तितकं सोपं नसतं.

पायी अर्ध्यापाऊण तासावर गणेशखिंड. मुंबईच्या गव्हर्नरांचा तिथला वाडा म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. त्याच भागात १८७३पासूनची गणेशखिंड बाग आहे. राज्य सरकारने २०२०मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. बाजारात 'सरदार' नावाने मिळणारा पेरू इथल्याच फळसंशोधनातून आलेला, हे जाता जाता. या परिसरात आणि आसपासच्या टेकड्यांच्या पायथ्याशी फेब्रुवारी-मार्चमध्ये वावळ नवख्याला हमखास चकवतो. झाड पोपटी पालवीने भरून गेलंय असं लांबून वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की पान एकही नाही, ती सगळी कागदासारखी चपटी, गोल, पंखवाली फळं आहेत. महिन्याभरात ती वाळून वाऱ्यावर उडतात आणि लोकांच्या केसांत अडकतात.

टेकड्यांवर याच दिवसांत गुलाबी बहर दिसतो. त्याचे फोटो 'पुण्याचा साकुरा' म्हणून फिरतात. तो गिरिपुष्प, ऊर्फ उंदीरमारी. मध्य अमेरिकेतून आलेलं, वनीकरणात घाऊक लावलेलं झाड. फोटो छान येतो यात वाद नाही; पण त्यासाठी टेकडी चढणाऱ्याने शेजारच्या भुत्याकडे, म्हणजे कांडोळाकडेही पाहावं. पानं झडल्यावर त्याचं पांढुरकं, गुळगुळीत, साल सुटलेलं खोड चांदण्यात अंगावर येतं, भुत्या हे नाव त्यावरूनच पडलं.

मार्चच्या उत्तरार्धात करंज. रस्त्याकडेला लावलेलं, धुळीने माखलेलं, एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेलं झाड. ते झटपट पानं टाकतं आणि आठ-दहा दिवसांत असा तकतकीत पोपटी रंग घेऊन येतं की सकाळच्या उन्हात डोळे दिपतात. आंब्याची नवी पालवी तांबूस-जांभळट, जांभळाची तपकिरी-तांबूस, सीताअशोकाची तर गुलाबी झालरींसारखी खाली लोंबणारी. कोवळी पानं अशी मान टाकून लोंबतात तेव्हा त्यांच्यात हरितद्रव्य फारसं आलेलं नसतं. त्यांचा लाल रंग प्रखर उन्हापासून छत्रीचं काम करतो असं काही अभ्यासक म्हणतात. किड्यांना लाल रंग नीट दिसत नाही, शिवाय अशा पानात खाण्याजोगं फार नसतं, म्हणून तो बचाव आहे, असं काहींचं म्हणणं. वाद अजून मिटलेला नाही.

या सगळ्यांचा राजा मात्र शहरात क्वचितच भेटतो. त्याच्यासाठी घाट गाठावा लागतो.

कोशिंब. काही भागांत त्याला कुसुंब म्हणतात. झारखंडकडे याच झाडावर पोसलेल्या किड्यांपासून उत्तम प्रतीची लाख मिळते. वर्षाचे अकरा महिने ते एक सामान्य, दाट सावलीचं हिरवं झाड असतं. मार्चमध्ये त्याला पालवी फुटते ती रक्तासारखी लाल, आणि अख्ख्या झाडावर एकदम. आजूबाजूचं रान करडं, गवत वाळलेलं, दगड तापलेले, आणि उतारावर मधेच एक लाल घुमट. फुलं आहेत असंच लांबून वाटतं. मुळशी, ताम्हिणी, भोरकडून वरंध्याला उतरणारा घाट, भीमाशंकर या भागात कोशिंब ठिकठिकाणी आहे.

खडकीहून ताम्हिणी साधारण साठ-सत्तर किलोमीटर. चांदणी चौकातून पौड, मुळशी धरणाच्या कडेने पुढे. याच रस्त्यावर जुलैत गाडीला गाडी लागलेली असते, धबधब्याखाली उभं राहायला रांग असते. मार्चमधल्या मंगळवारी तिथे वाऱ्याचा आवाज ऐकू येतो. जायचं तर खडकीतून पहाटे साडेपाचला निघावं. रंग बघायची वेळ साडेसात ते साडेनऊ. उन्हाकडे तोंड करून, पान आणि सूर्य एका रेषेत आणून पाहावं, कारण पाठीमागून ऊन आलं की कोवळं पान काचेसारखं पेटतं. दहानंतर उन्हाने सगळं पांढुरकं होतं आणि माणूसही कोमेजतो. पावसाळ्यातल्या कणीस-भज्यांच्या टपऱ्यांवर या दिवसांत भिस्त ठेवू नये. पाणी आणि डबा सोबत हवा. ताम्हिणीचा मोठा भाग २०१३पासून अभयारण्य आहे. हे दिवस वणव्यांचेही असतात. काडी-सिगारेट, चूल, काहीही पेटवायचं नाही. आणि घरच्या फुलदाणीसाठी ती लाल डहाळी तोडून आणण्यात अर्थ नाही, गाडीत बसेपर्यंत ती मान टाकते.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी खडकीहून लोणावळ्याची लोकल पकडावी. उजेडात, गर्दी नसताना, खिडकीशी. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरउतारावरचे पांगारे आणि पळस पानांशिवाय लालेलाल झालेले असतात. ती फुलं असली तरी तक्रार करू नये.

तारीख आधीपासून नेमकी सांगता येत नाही, अवकाळी पाऊस झाला तर आणखीच नाही. त्यावर उपाय जुनाच आहे: एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याच दिवशी त्याच्याकडे पाहून यायचं. 'सीझनवॉच' हा देशभरातल्या नागरिकांच्या नोंदींचा उपक्रम असाच चालतो. कोवळी पानं, जून पानं, फुलं, फळं यांतलं काय 'नाही', काय 'थोडं' आणि काय 'भरपूर', एवढंच लिहायचं. शाळेतली मुलंही ते करतात. दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाताशी आल्या की आपल्या गल्लीतल्या पिंपळाचा आठवडा सांगता येतो. नोंदवही नको असेल तर पहाटे खराटा घेऊन रस्ता झाडणाऱ्या बाईंना विचारावं. कुठलं झाड कधी उघडं होतं हे त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नसतं, कारण तो ढीग त्यांना उचलायचा असतो. तो ढीग पेटवून देण्याची सवय पुण्यात अजून गेलेली नाही, नियमाने बंदी असली तरी. 'ब्राऊन लीफ' या पुण्यातल्या उपक्रमाने त्यावर साधी तोड काढली: ज्यांच्याकडे वाळकी पानं जास्त झालीत आणि ज्यांना बागेसाठी ती हवीत, त्यांची गाठ घालून द्यायची. गच्चीवर भाजी लावणारे लोक पानांची पोती गाडीतून घेऊन जातात.

कोशिंबाचा तो लाल रंग साधारण दोन आठवडे टिकतो. मग त्यात तांबूस मिसळतो, मग पोपटी, मग नेहमीचा गडद हिरवा. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेला लाल झाडाचा फोटो पाहून एप्रिलच्या मध्यावर घाटात गेलेली मंडळी बरोबर त्याच वळणावर गाडी थांबवतात, खाली उतरतात, फोटो पुढे धरून समोरच्या उतारावर लाल काही दिसतंय का ते शोधतात. ऊन वाढलेलं असतं, म्हणून थोड्या वेळाने ते जवळच्या एका दाट हिरव्या झाडाच्या सावलीत सतरंजी अंथरून डबा उघडतात. ते झाड कोशिंबाचं असतं.